बेट बुडणारच असेल, तर आराखडा कशाचा करायचा?

नागपूरच्याच एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीनं विचारलंय: "लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारच्या निसर्गसंवर्धन आराखड्यावर प्रकल्प घेतलाय. घरचे म्हणतात, दोन तासांवर ताडोबा असताना तिकडं कुठं चाललीस? मैत्रिणी म्हणतात, ती बेटं पन्नास वर्षांत बुडणारच आहेत. मग आराखड्यात लिहायचं काय? समुद्रभिंत, कांदळवन लागवड आणि कॉरिडॉर (प्राण्यांना एका जंगलातून दुसऱ्यात जायची वाट) असे तीन मुद्दे मी काढलेत. बरोबर आहेत का?"

तुझं पत्र वाचून मला माझाच पहिला आराखडा आठवला. त्यातही हेच तीन मुद्दे होते, याच क्रमानं. त्यानंतर अठरा वर्षं अंदमानात आणि अधूनमधून लक्षद्वीपला काढली. आता त्रिमूर्ती नगरात बसून, कुलरच्या आवाजात, तुला उत्तर लिहितोय. तुझ्या तीन मुद्द्यांपैकी एक बेटाला लागूच होत नाही, एक जागा चुकली तर उलटतो आणि तिसरा सगळ्यात शेवटी यायला हवा. पण ते सांगण्याआधी बुडण्याचं बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आपल्या स्टेशनवर फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी असते, तिच्यावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. नागपूरची तीनशे मीटरच्या वर. लक्षद्वीपच्या कवरत्तीला अशी पाटी लावायची झाली तर तिच्यावर एक-दोन मीटर लिहावे लागतील. पाटीचा खांब गावापेक्षा उंच भरेल. हे ऐकलं की माणसाला वाटतं, पाणी दोन मीटर चढलं की संपलं. बादलीत वाटी ठेवावी तसं बेट आपण समुद्रात ठेवलेलं समजतो.

लक्षद्वीपची बेटं तशी नाहीत. छत्तीस बेटं, सगळी मिळून जमीन फक्त ३२ चौरस किलोमीटर, माणसं राहतात ती दहा बेटांवर. ही जमीन म्हणजे प्रवाळाचा चुरा आहे. प्रवाळ वाढतो, वादळात त्याचे तुकडे होतात, पोपट मासे तो चावून चावून वाळू करून टाकतात (एक मोठा पोपट मासा वर्षाला शेकडो किलो वाळू विष्ठेतून काढतो, पर्यटक ज्या पांढऱ्या वाळूत लोळतात ती कुठून आली हे त्यांना सांगू नये), आणि लाटा ती वाळू प्रवाळभित्तीवर आणून रचतात. पावसाळ्यात एका बाजूची वाळू जाते, हिवाळ्यात दुसऱ्या बाजूला येते. बेट हे असं सतत सरकत असतं. पॅसिफिकमधल्या तुवालूचे १९७१ ते २०१४ पर्यंतचे हवाई आणि उपग्रह फोटो संशोधकांनी ताडून पाहिले, तेव्हा समुद्र चढत असतानाही एकूण जमीन २.९ टक्के वाढलेली निघाली. काही बेटं झिजली, बरीच वाढली, जवळजवळ सगळ्यांचा आकार बदलला.

म्हणून सगळं आलबेल आहे असं नाही. आपल्याच बंगारम कंकणद्वीपातलं (लगूनभोवती कंकणासारख्या गोल पसरलेल्या प्रवाळबेटांतलं) परळी-१ नावाचं निर्जन बेट १९६८ मध्ये तीन हेक्टरच्या आसपास होतं. २०१७ मध्ये अभ्यास बाहेर आला तेव्हा ते पाण्यावर उरलेलंच नव्हतं. फरक कशानं पडतो? वाळू येणं चालू आहे की थांबलंय, यानं. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरनं चढली. म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीच्या साधारण दुप्पट. निरोगी प्रवाळभित्ती वर्षाला काही मिलिमीटर वर चढू शकते, तेव्हा शर्यत अगदीच एकतर्फी नाही. भित्ती आजारी पडली की मात्र ती हरलीच. मला विचारशील तर पुढची काही दशकं लक्षद्वीपला पाण्याच्या उंचीपेक्षा पाण्याच्या उष्णतेची भीती जास्त आहे.

उष्णतेचं गणित नागपूरकराला शिकवावं लागत नाही. आपल्याला नवतपा माहीत आहे. एखाद्या दुपारी ४६ झालं तर माणूस कांदा खिशात घालून, दुपट्टा गुंडाळून निभावतो. पण नऊ दिवस रात्रीसुद्धा उतरलंच नाही की दवाखाने भरतात. प्रवाळाचंही तसंच. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला रंग देतं आणि बहुतांश अन्नही. त्या जागच्या नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंश वर गेलं आणि आठवडे तिथंच राहिलं, की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. अभ्यासक ही साठत जाणारी उष्णता 'डिग्री-हीटिंग-वीक'मध्ये मोजतात: गेल्या बारा आठवड्यांची बेरीज चारवर गेली की पांढरं पडणं सुरू, आठवर गेली की मोठ्या प्रमाणावर मरणं सुरू. पांढरा प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. वेळेत पाणी निवलं तर शैवाल परत येतं.

तुझ्या प्रकल्पाचा कणा इथं आहे, म्हणून जरा थांबतो. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ साली मोठं ब्लीचिंग, म्हणजे हेच पांढरं पडणं, झालं, मग २०२४ मध्ये पुन्हा. पहिल्या तिन्ही वेळचा माग धरून २०२२ पर्यंत चोवीस वर्षं केलेल्या पाहणीत जिवंत प्रवाळाचं आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलेलं दिसलं. पण त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट लोक वाचत नाहीत. सहाएक वर्षं सलग उष्णतेचा तडाखा बसला नाही, की सुधारणेचा वेग बराच वाढतो. आता दोन तडाख्यांमधलं अंतर मोज: बारा वर्षं, मग सहा, मग आठ. म्हणजे भित्तीला उभं राहायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच तिला मिळतोय. पाण्याचं तापमान तुझ्या-माझ्या हातात नाही. ते दिल्लीच्या आणि जगाच्या हातात आहे. मधल्या त्या सहा वर्षांत भित्ती किती लवकर सावरेल हे मात्र बेटावरच्या माणसाच्या हातात बऱ्यापैकी आहे. बेटाच्या आराखड्यानं हेच काम धरायचं असतं: बेटाला सावरायला वेळ द्यायचा आणि सरकायला जागा द्यायची.

वेळ कसा देतात ते सांगतो. प्रवाळ मेला की त्याच्या सांगाड्यावर शेवाळ चढतं. ते खाणारे पोपट मासे, सर्जन मासे भरपूर असले तर पृष्ठभाग खरडून स्वच्छ राहतो आणि प्रवाळाच्या पिल्लांना चिकटायला जागा मिळते. लक्षद्वीपचं नशीब असं, की तिथला कोळी पिढ्यान् पिढ्या भित्तीवरचा मासा फारसा धरत नव्हता. तो जायचा खोल पाण्यात, टुणा या मोठ्या माशावर, गळकाठीनं. लगूनमधून, म्हणजे भित्तीच्या आतल्या उथळ पाण्यातून, जिवंत चारा म्हणून छोटे मासे पकडायचा, तेवढंच. मिनिकॉयचं टुणा उकडून, धुरी देऊन, वाळवून केलेलं 'मास' आजही प्रसिद्ध आहे. अलीकडं भित्तीवरच्या माशाला बाहेरून गिऱ्हाईक यायला लागलंय, आणि धोका तिथं आहे. त्यामुळे तुझ्या संवर्धन आराखड्यात टुणाच्या बर्फाची सोय, टुणाला मिळणारा भाव, चाऱ्याच्या माशांचं नियमन ही प्रकरणं असायला हवीत. तुझे गाइड म्हणतील, हे मत्स्यव्यवसायाचं आहे, तुझ्या विषयाचं नाही. लिही तरी. गळकाठीवर घर चालतंय तोवर कोळ्याला भित्तीकडे वळायचं कारण पडत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची, प्यायच्या. अगत्तीला मी एका घरी राहायचो. घरच्या उम्मा पहाटे विहिरीतून पोहऱ्यानं पाणी काढायच्या, हळूच, पोहरा वरच्यावर बुडवून. खोल जाऊ द्यायच्या नाहीत. मी एकदा आपल्याकडच्या सवयीनं पोहरा दणकन सोडला तर त्यांनी दोर हातातून काढून घेतला. कारण नंतर कळलं. त्या वाळूच्या जमिनीत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, सायीसारखं. हिशेब असा, की समुद्राच्या पातळीवर गोड्या पाण्याची उंची एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असू शकतं. आणि वरचं एक फूट उपसून टाकलंत तर खालून खारं पाणी त्याच प्रमाणात वर येतं. वाळू फार सच्छिद्र, बेट अरुंद, म्हणून प्रत्यक्षात ही साय त्याहूनही पातळ असते. दोन वर्षांनी गेलो तेव्हा शेजारी पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या होत्या आणि विहिरीवर मोटर बसली होती. उम्मांनी चहा दिला. पहिल्या घोटालाच चव कळली. त्या काही बोलल्या नाहीत, साखर आणखी एक चमचा घातली.

आपल्याकडं पाणी आटलं की बोअर आणखी शंभर फूट खाली नेतात. तिथं खाली गेलं की समुद्र. त्यात उधाणाच्या लाटा बेटावरून एकदा आडव्या गेल्या की साय नासते, नारळ पिवळे पडतात, परसातलं फणसासारखं निर्फणस वाळतं. मार्शल बेटांवरच्या रोई-नामूरला झालेल्या २०१८ च्या अभ्यासाचा निष्कर्ष हाच होता: पुष्कळ कंकणद्वीपं या शतकाच्या मध्यापर्यंतच राहण्याजोगी उरणार नाहीत. जमीन तोवर पाण्यावरच असेल, पण लाटा वारंवार आत आल्यानं प्यायचं पाणी टिकणार नाही. म्हणजे तुझ्या मैत्रिणींचा 'पन्नास वर्षं' हा आकडा फार चुकलेला नाही, कारण मात्र त्यांनी भलतंच धरलंय. छतावरचं पाणी साठवणं, मोटारींच्या अश्वशक्तीवर मर्यादा, सांडपाणी विहिरीपासून लांब, दर महिन्याला ठरलेल्या विहिरींच्या खारेपणाची नोंद: हे सगळं परिसंस्थेचंच काम आहे. तिथं माणूस आणि नारळ एकाच पाण्यावर जगतात.

आता अंदमान-निकोबार. ही बेटं वेगळी, डोंगराळ. सॅडल पीक ७३२ मीटर उंच आहे. इथं बुडण्याची भीती नाही, किनाऱ्याची आहे. आणि इथं निसर्गानं आपल्याला एक भयंकर प्रयोग करून दाखवलाय. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चारेक मीटर खचलं. दीपगृहाचा पाया पाण्यात गेला, आजही तसाच आहे. उलट उत्तर अंदमानचा किनारा उचलला गेला आणि भित्त्या उघड्या पडून उन्हात वाळल्या. समुद्र शतकानुशतकं चढून जे करेल ते निकोबारला काही मिनिटांत झालं. तेव्हा हवामानबदलाचा आराखडा करणाऱ्यानं मॉडेलच्या आधी निकोबार वाचावं.

काय झालं तिथं? निकोबारचं ९७ टक्के कांदळवन गेलं. मेगापोड हा कोंबडीएवढा पक्षी किनाऱ्यालगत पालापाचोळा आणि वाळूचा ढीग करून त्यात अंडी घालतो, पाला कुजल्याच्या उबेवर पिल्लं निघतात. त्याची संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटली. गलाथिया उपसागराचा किनारा, लेदरबॅक या सगळ्यात मोठ्या समुद्री कासवाचा, तो वाहून गेला. आणि मग? काही वर्षांत नवी वाळू आली. कासवंही परत आली. जिथं पूर्वी सपाट कोरडी जमीन होती आणि आता भरतीचं पाणी खेळायला लागलं, तिथं कांदळ आपणहून उगवला. हे सगळं तिथंच झालं जिथं मागं मोकळी जागा होती. जिथं मागं डोंगर उभा किंवा काँक्रीट उभं, तिथं काही आलं नाही.

म्हणून सरकायला जागा. तुझ्या नकाशावर तू आजच्या भरतीरेषेपासून अंतर मोजून एक रेघ मारणार, सगळेच मारतात. त्याऐवजी पट्टा काढ: पाणी अर्धा मीटर चढलं तर किनारा कुठं असेल, एक मीटर चढलं तर कुठं, आणि त्या पट्ट्यात आज काय आहे. भातशेत आहे, रस्ता आहे, की शाळा? त्या पट्ट्यात नवं बांधकाम होऊ न देणं, हा तुझ्या आराखड्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड कलम असेल. अवघड का, ते ग्रेट निकोबारवर बघ. गलाथियाचं अभयारण्य जानेवारी २०२१ मध्ये रद्द झालं, आणि तिथं बंदर, विमानतळ, वीजकेंद्र, नगर असा सुमारे ७२ हजार कोटींचा प्रकल्प ठरला. वनजमीन जाणार ती सुमारे १३० चौरस किलोमीटर. बदल्यातलं वनीकरण हरियाणात सुचवलं गेलं. संरक्षणाची गरज मी नाकारत नाही, ते माझं क्षेत्रही नाही. पण विषुववृत्तीय सदाहरित जंगलाची भरपाई अरवलीच्या पायथ्याशी होते असं कुणी वनस्पतिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत म्हटलं असतं तर मी त्याला पुढच्या वर्षी बोलावलं असतं.

कांदळवन लागवडीचं माझंच सांगतो. सुनामीनंतर दोनेक वर्षांनी एका प्रकल्पात आम्ही रायझोफोरा या कांदळाच्या हजारो शेंगा चिखलात खोचल्या. जागा निवडली होती ओहोटीला सोयीची: बोटीतून उतरलं की समोर, ओळी सरळ, फोटो छान. पोहोच-अहवालात लावलेल्या रोपांचा आकडा टाकला आणि पैसे सुटले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मी एकटाच मोजायला गेलो. गुडघाभर चिखल, सँडफ्लाय चावून पोटऱ्या सुजलेल्या, आणि ओळींच्या जागी नुसत्या बांबूच्या काठ्या, त्यांवर कालवं चढलेली. रोपं फार खालच्या पातळीवर लावली गेली होती. दिवसातून जास्तच वेळ बुडून राहत होती. वर आम्ही सागरी गवताचा एक तुकडा तुडवला तो वेगळाच. तिथून दोनशे पावलांवर, एका जुन्या भातखाचराचा बांध फुटून भरतीचं पाणी आत गेलं होतं, तिथं न लावता कांदळ छातीएवढा झाला होता. तेव्हापासून मी लागवड हा शब्द आराखड्यात शेवटी वापरतो. आधी पाणी कसं येतं-जातं ते बघ, बांध, भराव, बुजलेली नळी काढ, मग दोन वर्षं वाट बघ. बी समुद्र आणून देतो.

किनाऱ्यावर सुरूच्या रांगा लावायचा मोहही तसाच. सुरूची मुळं आणि काड्यांचा थर कासवाला खड्डा खणू देत नाही. कासवाच्या घरट्याला सावली हवी ती किनाऱ्यामागच्या मूळच्या झाडीची. वाळू साधारण २९ अंशांच्या वर तापली की पिल्लं बहुतेक माद्याच निघतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या लहान हिरव्या कासवांत ९९ टक्के माद्या सापडल्यात.

समुद्रभिंतीबद्दल थोडक्यात. गाव वाचवायला कधीकधी लागते, पण भिंतीसमोरची वाळू जाते आणि भिंत संपते तिथं धूप वाढते. टेट्रापॉड (काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे) टाकायचेच असतील तर ते रुग्णालय आणि धक्का यांच्यापुरते. बेटाभोवती भिंत म्हणजे बेटाची वाळू बंद.

आता कॉरिडॉर, तुझा लाडका मुद्दा. विदर्भात शिकलेल्या प्रत्येकाच्या हातून हा शब्द आधी निघतो, आणि आपल्याकडं तो बरोबरच आहे. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, ताडोबा हीसुद्धा शेतांच्या समुद्रातली बेटंच. पण मधला समुद्र वाघ रात्रीतून ओलांडतो, आणि हायवे ४४ वर पेंचमध्ये त्याच्यासाठी अंडरपास बांधता आले. अंदमानातल्या नार्कोंडमच्या धनेशाला अंडरपास कुठून देशील? जगात हा पक्षी एकाच बेटावर आहे, सात चौरस किलोमीटरही भरत नाही ते. संख्या हजारच्या आसपास. तिथं सगळं मोठ्या झाडांच्या ढोलीवर आणि वड-उंबरांच्या फळावर चालतं. एक मोठं चक्रीवादळ, एक आग, एक चुकीचा प्राणी बोटीतून उतरला, की दुसरीकडून कुणी येणार नाही. तिथं चौकीच्या लोकांनी खाण्यासाठी नेलेल्या बकऱ्या रानात सुटल्या, त्यांनी रोपं फस्त केली. पुढं त्या काढाव्या लागल्या.

म्हणून बेटावर कॉरिडॉरच्या जागी एक कंटाळवाणं कलम येतं: धक्क्यावरची तपासणी. कुठली बोट, कुठला माल, कुठली माती, उंदीर आहेत का. याला पैसे मिळत नाहीत, कारण उद्घाटन करता येत नाही. पण हवामानबदलाच्या विरुद्ध बेटावर केलेलं सगळ्यात परिणामकारक काम मी पाहिलंय ते बहुधा उंदीर काढण्याचंच. हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहात उंदीर असलेली आणि नसलेली बेटं शेजारी-शेजारी आहेत. २०१८ साली तुलना झाली: उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची घनता ७६० पट. पक्ष्यांची विष्ठा पावसानं समुद्रात उतरते, त्या खतावर शेवाळ, शेवाळावर मासे, आणि त्या भित्त्यांवर माशांचं वजन ४८ टक्के जास्त. भित्ती खरडणारे मासे वाढले की ब्लीचिंगनंतर सावरणं सोपं. पृथ्वीचं तापमान कमी करायला तुला कुणी बोलावणार नाही; उंदीर काढायला बोलावतील.

अंदमानात उंदराची ही भूमिका चितळाकडं आहे. हो, आपलं पेंचमधलं, जिप्सीतून कौतुकानं दाखवतात तेच चितळ. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेऊन सोडलं. तिथं ना वाघ, ना बिबट, ना रानकुत्रा. पोहत पोहत बेटामागून बेटं पादाक्रांत केली. चक्रीवादळानं झाडं पडली की उजेड आत येतो आणि जंगल नव्या रोपांनी स्वतःला शिवून घेतं. चितळ ती रोपं उगवली की खातं, म्हणजे टाका पडतच नाही. वादळांचा जोर वाढण्याच्या काळात हे परवडणारं नाही. मी एका बैठकीत चितळ कमी करा म्हणालो तेव्हा समोरच्या साहेबांनी मला मांसाहारी आहात का विचारलं. माझ्या मते कुंपणाचे तुकडे करून, आतबाहेरचा फरक दाखवत जावं. डोळ्यांनी दिसलं की लोक ऐकतात. आपल्याकडं रायमुनिया (घाणेरी) उपटलेल्या आणि न उपटलेल्या पट्ट्यातला फरक जसा शाळेतल्या पोरालाही कळतो.

एकाच ठिकाणी असलेल्या जातीला दुसरं घर करून द्यायचं का, हा प्रश्न तुला तोंडी परीक्षेत विचारतील. उत्तर देण्याआधी ब्रॅम्बल केचा मेलोमिस हा उंदीर लक्षात ठेव: ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टॉरेस सामुद्रधुनीतलं चार-पाच हेक्टरचं बेट, उंची जेमतेम तीन मीटर, उधाणाच्या पाण्यानं झाडोरा खाल्ला, शेवटचा दिसला २००९ मध्ये. वाचवायची तयारी करून माणसं पोचली तेव्हा पकडायला एकही उरला नव्हता, आणि २०१९ साली ऑस्ट्रेलियानं तो नामशेष म्हणून नोंदवला. हवामानबदलानं गेलेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याचं नाव घेतात. दुसरं घर करावंच असं मी म्हणत नाही. नव्या बेटावर तोच घुसखोर ठरू शकतो. पण 'संख्या इतकी खाली आली की निर्णय घ्यायचा' हा आकडा आज, शांत डोक्यानं, आराखड्यात लिहून ठेवायला हवा.

सगळ्या आराखड्याला हीच सवय लाव. 'निरीक्षण करण्यात येईल' असं वाक्य दिसलं की खोड. त्याऐवजी लिही: साठलेल्या उष्णतेचा आकडा चारवर गेला की त्या भित्तीवर डायव्हिंग आणि नांगर टाकणं बंद, आठ आठवडे, आदेश कोण काढणार त्याचं पद. ठरलेल्या तीन विहिरींचा खारेपणा या मर्यादेवर गेला की मोटारी बंद. आकडा, कृती, जबाबदार माणूस. आणि नव्यानं काही मागायच्या आधी हातात असलेले कायदे वाच. सर्वोच्च न्यायालयाचा ७ मे २००२ चा अंदमानविषयीचा आदेश, वृक्षतोड आणि किनाऱ्यावरच्या वाळूउपशाला आवर घालणारा, आजही उपयोगी पडतो. २०१९ ची बेटांची किनारी नियमन अधिसूचनाही बघ, तिच्यात काय सैल केलंय ते विशेषतः.

तू दोन्ही द्वीपसमूह घेतलेस ते एका वर्षाला जास्त आहेत. एक सोड. मी लक्षद्वीप ठेवला असता. लहान आहे, एका बेटाला सकाळी पायी प्रदक्षिणा घालता येते आणि सगळे प्रश्न एकाच दिवसात पायाखालून जातात. परवान्याचा अर्ज आत्ताच कर, तो वेळ खातो. घरच्यांना सांग, ताडोबा कुठं पळून जात नाही. तारखा ठरवताना विमानाचं भाडं नंतर बघ, आधी भरती-ओहोटीचा तक्ता बघ: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी ओहोटी सकाळी पडेल असा आठवडा निवड, भित्ती उघडी बघायला मिळेल. एप्रिलच्या शेवटी गेलीस तर पाणी तापलेलं असेल, तेच तुला बघायचंय. बरोबर खारेपणा मोजायचं छोटं मीटर ने, सीताबर्डीत प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळून जाईल. आणि कुणाच्या विहिरीवर गेलीस तर पोहरा हळू सोड.